आजोबा कुठल्या बोटीवर होते?

२६ नोव्हेंबर १९४३ रोजी दिवस कलत असताना भूमध्य समुद्रात, अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ 'रोहना' ही बोट बुडाली. जर्मन विमानातून सोडलेला आणि रेडिओने दिशा दिलेला बॉम्ब तिच्या कुशीत घुसला होता. १,१३८ माणसे गेली. त्यांपैकी १,०१५ अमेरिकी सैनिक होते. शत्रूच्या एकाच हल्ल्यात भर समुद्रात अमेरिकेने इतके सैनिक दुसऱ्या कधी गमावले नाहीत. शस्त्र नवे होते, म्हणून बातमी दाबली गेली. मुलगा कुठे आणि कसा गेला, हे कित्येक आईबापांना मरेपर्यंत कळले नाही. पुढे वाचलेले सैनिक आणि मृतांचे नातेवाईक एकत्र आले, त्यांनी सरकारी कागद बाहेर काढले, एकेकाची हकिकत जुळवली. १९९६ मध्ये अलाबामात स्मारक उभे राहिले आणि २००० साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या मृतांना मानवंदना दिली.

त्याच बोटीवर १९५ खलाशी कामाला होते. बोट ब्रिटिश इंडिया कंपनीची, त्यामुळे खलाशी बहुतेक सारे हिंदी. त्यांपैकी ११७ बुडाले. अमेरिकी हकिकतींत ते येतात ते बहुधा आकड्यापुरते. वाचलेल्या काही सैनिकांच्या आठवणींत तर जीवरक्षक होड्या नीट उतरवल्या नाहीत, असा ठपकाही या खलाशांवर आहे. आरोप नोंदला गेला. ज्यांच्यावर तो झाला त्यांचे म्हणणे विचारायला मात्र त्यांच्या गावी कुणी गेले नाही. दहातले सहा जण ज्या ताफ्यातून परतले नाहीत, त्या ताफ्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी होती.

हा प्रश्न दूरच्या कुणाचा नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या दर चार खलाशांमागे साधारण एक हिंदी होता. कुणी सिल्हेट-चितगावचे, कुणी गुजरातचे, कुणी पंजाबचे, गोव्याचे बटलर आणि स्वयंपाकी, आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे सारंग, टंडेल, खलाशी. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला. बाणकोट, दाभोळ, जयगड ते मालवणपर्यंतच्या खाड्यांकाठची गावे पिढ्यान्‌पिढ्या बोटींना माणसे पुरवत होती. रॉयल इंडियन मरीन आणि पुढे तिच्यातून झालेल्या रॉयल इंडियन नेव्हीतही या किनाऱ्याची माणसे होती. त्या घरांमध्ये आज एखादेच वाक्य उरले आहे: 'पणजोबा बोटीवर होते, जर्मनच्या लढाईत गेले.' कोणती बोट, कोणते साल, पहिली लढाई की दुसरी, याचा पत्ता नाही. श्राद्धाला तिथी नाही, फातेहाला कबर नाही.

घाटावर असे झाले नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आपल्या ४६ जणांची आठवण शंभर वर्षे जपली आहे आणि सारा महाराष्ट्र ते गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखतो. फौजेत गेलेल्याची पलटण असते, पलटणीचा इतिहास असतो, माजी सैनिकांच्या संघटना असतात. व्यापारी बोटीवरच्या खलाशाला यातले काही नव्हते. तो कंपनीचा करारी नोकर. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. १९४१च्या मे महिन्यापर्यंत तर ब्रिटिश खलाशाचासुद्धा पगार ज्या दिवशी बोट बुडाली त्या दिवशी थांबत असे. गणवेश नव्हता, पण पाणतीर मारणाऱ्या पाणबुडीने हा फरक कधी केला नाही.

तरीही कागद आहेत, आणि ते वाटतात त्यापेक्षा जवळ आहेत.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे तिथे कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांची वहीही तिथेच आहे, तिची जुळी प्रत बांगलादेशात चितगावला. मुंबईकर रोज त्या परिसरातून लोकलने जातो. पण शाळेची सहल तिथे गेल्याचे कधी ऐकिवात येत नाही, आणि ही गोष्ट मनाला लागावी अशीच आहे. कोलकात्यात हुगळीकाठी १९२४ सालचे खलाशांचे स्मारक निदान रस्त्यावरून दिसते. बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांसाठी ते उभारले गेले.

मुंबईतली ही सगळी नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. नाव, हुद्दा, बोट, मृत्यूची तारीख, आणि नशीब असेल तर बापाचे नाव आणि गाव. शोध इथून सुरू करावा, पण नावावरून नव्हे. इंग्रज कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. रत्नागिरीचे 'रुटनाघेरी' झाले, दाभोळचे 'डाबुल' झाले, मग माणसांच्या नावांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. आडनाव तर बहुतेक वेळा लिहिलेच जात नसे. एका नावाचे पन्नास जण सापडतात, किंवा एकही सापडत नाही. त्यामुळे घरातले शहाणे माणूस आधी बोट शोधते. म्हातारीला आठवत असलेला नावाचा तुकडा, ट्रंकेतला जुना लिफाफा, कंपनीचा शिक्का, मनिऑर्डरची पावती, यांतून बोटीचे नाव निघाले की पुढची वाट बरीच सोपी होते. बुडालेल्या जहाजांच्या दिवसावार याद्या उपलब्ध आहेत. कोणत्या पाणबुडीने, कुठे, किती वाजता, हेही बहुतेकदा कळते.

लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धातले खलाशांचे करारनामे जहाजाच्या अधिकृत क्रमांकानुसार लावलेले आहेत. तो क्रमांक जुन्या जहाजनोंदणीतून मिळतो. पहिल्या महायुद्धासाठी १९१५ सालच्या सुमारे ३९,००० याद्या तिथल्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या आणि साडेसात लाख नोंदी सर्वांना खुल्या केल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. मुंबईत पुराभिलेख संचालनालय आहे.

आणखी एक धागा आहे, तो फक्त इथल्या माणसालाच उलगडता येईल. खलाशांची भरती सारंगाच्या हातात असे, आणि सारंग माणसे घेई ती आपल्या गावची, आपल्या भावकीची. म्हणून एक बोट बुडाली की एकाच वाडीत एकाच दिवशी अनेक चुली विझत. याचा उलटा उपयोग होतो. एका खलाशाचे गाव ठरले की त्याच बोटीवरच्या त्याच तारखेच्या बाकीच्या नावांकडे पाहावे. शेजारच्या घरातले नाव तिथे असण्याची शक्यता मोठी. मुंबईतल्या गावकीच्या खोल्या, जमातींचे वाडे, धोबीतलावच्या आसपासचे गोवेकरांचे कूड, इथे बोटीची वाट पाहत खलाशी राहत. तिथल्या जुन्या वह्या कुणी पाहिल्या, तर लंडनला जे मिळणार नाही ते तिथे मिळेल. असे काम एकट्या नातवाने करण्यापेक्षा गावाने करावे.

अशा शोधातून काय उरते, हे 'पर्शिया'च्या उदाहरणावरून कळते. ३० डिसेंबर १९१५ रोजी पी अँड ओ कंपनीची ही बोट मुंबईला येत असताना क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. बोटीवर ५१९ माणसे होती, ३४३ गेली. तिच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात कपूरथळ्याच्या महाराजांचे दागिने आहेत, बचावलेले लॉर्ड मॉन्टेग्यू आहेत, त्यांच्यासोबत असलेल्या आणि बुडालेल्या एलिनॉर थॉर्नटन आहेत, ज्यांच्यावरून रोल्स रॉइस गाडीवरची मूर्ती घडवली गेली असे मानतात. २००३ मध्ये समुद्रतळातून काही वस्तूही वर काढल्या गेल्या. इंजिनखोलीत कोळसा ओढणाऱ्यांची आणि जेवण वाढणाऱ्यांची चरित्रे मात्र कुणी लिहिली नाहीत. ती लिहिण्याइतका मजकूर नसेलही. पण नाव, गाव आणि बापाचे नाव एवढे तरी जुळवता येते, आणि तेवढ्याने एका घरातले ते एकुलते वाक्य पूर्ण होते.

नाव यादीत सापडले नाही म्हणून हार मानायचेही कारण नाही. खुद्द कमिशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले आहे की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने आठवण ठेवली गेली नाही, किंवा कदाचित अजिबातच ठेवली गेली नाही. ही माणसे मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली. कमिशनने माफीही मागितली. पुरावा दिला तर राहून गेलेले नाव आजही नोंदवून घेतले जाते. पण तो पुरावा परदेशातल्या कुणा स्वयंसेवकाने शोधायचा आणि मंडणगडच्या माणसाने वाट पाहायची, हे आता बदलले पाहिजे.

समुद्रात गेलेल्यांची आठवण कशी ठेवावी ते स्वतंत्र भारताच्या नौदलाने दाखवले आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवला स्मारक आहे, जहाजाची प्रतिकृती आहे, आणि मृतांची नावे देशाला ठाऊक आहेत. त्यांचे कुटुंबीय तिथे जाऊन उभे राहू शकतात. 'रोहना'च्या ११७ खलाशांच्या नातवंडांना असा जागेचा तुकडा नको आहे असे कुणी समजू नये.

महाराष्ट्र सरकारला यासाठी फार खर्च करायची गरज नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तीन जिल्ह्यांची गाववार यादी कमिशनच्या खुल्या नोंदींतून काढता येईल. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ती तपासावी. गावांची नावे ओळखायला इंग्रजीपेक्षा कोकण माहीत असावे लागते, आणि ते ज्ञान तिथल्या विद्यार्थ्यांकडे आहे. मुंबईच्या स्मारकातल्या नावांची देवनागरी यादी करून ती ग्रामपंचायतींना पाठवावी. पुराभिलेखागारातली सागरी कागदपत्रे स्कॅन करून सर्वांसाठी खुली करावीत. ही कामे पुढे ढकलता येतील असे वाटते, पण ज्यांनी आजीच्या तोंडून बोटीचे नाव ऐकले ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे.

ज्या घरात 'बोटीवर गेले' एवढेच ठाऊक आहे, त्या घराने या सुट्टीत ट्रंक उघडावी. शिक्का असलेला कुठलाही कागद, बोटीचे नाव लिहिलेले पोस्टकार्ड, जहाजी नोकरीची पुस्तिका सापडली तर तिचा फोटो काढून ठेवावा आणि मूळ कागद जपावा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला बोटीचे नाव विचारावे आणि ती सांगेल तसे, तिच्याच उच्चारात, लगेच लिहून घ्यावे.