प्रसिद्धी पचवलेली बालकलाकार

बालवयात लाभलेली प्रसिद्धी हॉलिवूडमध्ये अनेकांना पेलवली नाही. जोडी फॉस्टर त्याला ठळक अपवाद ठरली. तिसऱ्या वर्षी जाहिरातीत झळकलेल्या या अभिनेत्रीला ‘टॅक्सी ड्रायव्हर’साठी (१९७६) किशोरवयातच ऑस्करचे नामांकन मिळाले. १९८१ मध्ये तिच्या एकतर्फी वेडाने पछाडलेल्या तरुणाने, केवळ तिचे लक्ष वेधण्यासाठी, अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या वेळी ती येल विद्यापीठात शिकत होती. हा हादरा पचवून तिने १९८५ मध्ये पदवी घेतली. पुढे ‘द अक्यूज्ड’ आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ने दोन ऑस्कर दिले. १९९१ मध्ये दिग्दर्शनात उतरताना तिने विषय निवडला तोही एका असामान्य बालकाचा. २०२४ मध्ये तिला एमी पुरस्कार लाभला. पडद्याबाहेरचे आयुष्य निग्रहाने जपणे, हेच या दीर्घ वाटचालीचे मर्म म्हणावे लागेल.