पैसे पडले, पण कुठे?

तलासरीकडच्या झरीत भेटलेल्या वारली आजींची मजुरी कागदोपत्री ‘जमा’ होती; पासबुक मात्र कोरे!

१ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारमार्फतच देण्याचे बंधन आले. जॉबकार्ड, आधार आणि बँक ही तीन दप्तरे संगणकाने जोडली. पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. आजींचे असे खाते निघाले, कुठल्याशा शिबिरात अंगठा घेऊन उघडलेले. त्या ते विसरूनही गेल्या होत्या.

जोडणीला माझा विरोध नाही. हजेरीपटावर अडलेली मजुरीही मी पाहिली आहे. पण पैसे कोणत्या बँकेत पडले, एवढे ग्रामरोजगार सेवकाने मजुराला तोंडी सांगायला कोणते सॉफ्टवेअर लागते? आजींचे तलासरीला दोन खेपांचे भाडे तरी वाचले असते.