हेटेला मरावंच का लागतं?

मैत्रिणींनो, मागच्या शिबिरात आम्ही ‘सायनकाली’ हा जर्मन चित्रपट दाखवला. दिवे लागले तेव्हा निम्म्या जणी डोळे पुसत होत्या आणि एकच शब्द ऐकू येत होता, “बिचारी!” माझं भांडण या शब्दाशी आहे.

चित्रपट 1930 सालचा, हान्स टिंटनर यांचा. जवळजवळ सगळा मूक, शेवटी तेवढा आवाज. मूळ नाटक 1929 चं. ते लिहिलं फ्रिडरिश वोल्फ या कम्युनिस्ट डॉक्टरनं. बर्लिनच्या कामगार वस्तीतली हेटे दिवसांत आहे. मित्राचं काम सुटलंय, घरात खायला नाही. डॉक्टर कलम 218 कडे बोट दाखवतो. मग चोरून काम करणारी बाई, तिनं दिलेले विषारी थेंब, आणि मरण.

पण त्याच डॉक्टरकडे एक पैसेवाली बाई येते. तिला प्रकृतीच्या कारणाचं सर्टिफिकेट मिळतं, ती निघून जाते. तिला कुणी बिचारी म्हणत नाही, कारण ती मरत नाही! म्हणजे गर्भपाताचा हक्क मागायचा तर आधी आपण उपाशी, निष्पाप आणि शेवटी मृत असायला हवं का? “मला आत्ता मूल नको” एवढं कारण का पुरत नाही?

दयेवर उभा केलेला हक्क दया संपली की कोसळतो. 1926 मध्ये जर्मनीत शिक्षा सौम्य झाली, कलम तसंच राहिलं. 1931 मध्ये वोल्फ आणि डॉ. एल्झे कीनले यांना याच कलमाखाली अटक झाली. कीनलेनं तुरुंगात उपोषण केलं. (वोल्फचं नाव सगळ्यांना ठाऊक, तिचं किती जणींना?) पुढे नाझींनी 1943 मध्ये शिक्षा देहदंडापर्यंत नेली आणि ज्यांना ‘नालायक’ ठरवलं त्या बायांवर मात्र गर्भपात लादले. मूल व्हावं की नको, दोन्ही ठरवणार सरकारच! कलम 218 जर्मनीच्या कायद्यात आजही आहे. सक्तीचा सल्ला घेतल्यावर पहिल्या बारा आठवड्यांत शिक्षा होत नाही, इतकंच.

आपण फार पुढे आहोत असं समजू नका. 1971 चा आपला कायदा चांगलाच, 2021 च्या दुरुस्तीनं त्यात अविवाहित बाईही आली. पण ‘कारण’ पटायला हवं ते डॉक्टरला. एका सज्ञान मुलीबरोबर मी दवाखान्यात गेले तेव्हा नवऱ्याची सही मागितली गेली. कायद्यात ती कुठेच नाही. मी कायदा सांगितला, तर उत्तर आलं, “तुम्ही रडगाणं सांगा, म्हणजे काहीतरी करता येईल.” आणि मीही सांगितलं. काम झालं. बाहेर आल्यावर ती मुलगी म्हणाली, “ताई, माझ्याबद्दल तुम्ही केवढं खोटं बोललात.”

पुढच्या शिबिरात चर्चा मी त्या सर्टिफिकेटवाल्या बाईपासून सुरू करणार आहे.