अर्थ मिळत नाही

मराठीच्या अध्यापकाला गॅरेजातून बोलावणे यावे असे प्रसंग सहसा घडत नाहीत. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मला ते आले. लोणावळ्याहून कार्ल्याकडे जाताना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत एक गॅरेज आहे. तिथे कॅनडातील एक वृद्ध दांपत्य आपले चाकांवरचे घर घेऊन दोन दिवसांपासून अडकले होते. अमेरिकी बनावटीची, पस्तीसएक वर्षांची, पेट्रोलवर चालणारी ती मोटारहोम. आत दोन बिछाने, छोटासा ओटा, मोरी, खिडक्यांना पडदे. मुंबईला बोटीतून गाडी उतरवून घेऊन ते दोघे दक्षिणेकडे निघाले होते. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हते, त्यांना मराठी-हिंदी येत नव्हते. आमच्या महाविद्यालयातला द्वितीय वर्ष कला शाखेचा एक विद्यार्थी त्या गॅरेजात हाताखाली काम करतो. ‘आमच्या सरांना दोन्ही भाषा येतात’ असे त्याने परस्पर सांगून टाकले होते.

बिघाड क्रूज कंट्रोलमध्ये होता. ज्यांचा या वस्तूशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ताशी अमुक किलोमीटर असा वेग एकदा ठरवून दिला की चालकाने पाय काढून घेतला तरी ही यंत्रणा तो वेग धरून ठेवते, ब्रेकला पाय लागला की सोडते. आपल्याकडच्या रस्त्यांवर ही चैनच म्हणायची. पण त्या गृहस्थांचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर तासन्‌तास पाय दाबून ठेवणे त्यांना शक्य नव्हते. क्रूज चालला नाही तर प्रवास तिथेच संपणार होता. बाई वारंवार विचारीत होत्या, “होईल का?” आणि मिस्त्री काही न बोलता हात पुशीत उभे होते.

मग त्यांनी पहिला प्रश्न केला. “सर, त्यांना विचारा, धरतो आणि सोडतो, का धरतच नाही?”

मी इंग्रजीत भाषांतर केले आणि ते करताना अडखळलो. ‘सुरू होतो का?’ असे विचारून भागणार नव्हते. ‘धरणे’ आणि ‘सोडणे’ यांची जोडी हवी होती. उत्तर आले: धरतो आणि सोडतो. दुसरा प्रश्न: “हळूहळू सोडतो का झटक्यात?” या प्रश्नाचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही, विद्यार्थ्याने नंतर समजावले. जुन्या गाड्यांत क्रूज इंजिनाच्या खेचीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. एका डबीत रबराचा पडदा असतो, इंजिन त्यातली हवा ओढते, पडदा आत ओढला जातो आणि त्याला जोडलेली केबल अ‍ॅक्सिलरेटर ओढून धरते. नळीला चीर पडली, पडदा फाटला, तर हवा शिरते आणि पकड सैल होत होत सुटते. म्हणजे हळूहळू सोडत असेल तर हवेचा दोष. झटक्यात सोडत असेल तर विजेचा. दोन क्रियाविशेषणांत मिस्त्रींनी अर्धी गाडी बाजूला काढली होती.

गृहस्थ म्हणाले, दोन्ही होते. मिस्त्री हसले. “दोन दुखणी आहेत म्हणजे.”

पुढचे दोन तास मी जे पाहिले ते मला आमच्या वर्गात फार क्वचित दिसते. मिस्त्रींनी आधी रबराच्या नळ्या काढल्या. एकेक नळी तोंडात धरून ते हवा ओढत आणि टोकाला जीभ लावत; नळी जिभेला चिकटून राहिली तर ती शाबूत. तिसरी चिकटेना. इंजिनाच्या धगीजवळ ती करपून चिरली होती. त्यांनी टोकाकडून दोन बोटे तुकडा कापून टाकला आणि नळी पुन्हा बसवली. मग मिस्त्री, ते गृहस्थ आणि मी लोणावळ्याहून द्रुतगती मार्गावर चढून उर्से टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. घाटाच्या बाजूला मिस्त्री जाऊ देईनात, आणि ते बरोबरच होते. क्रूज इंजिनाला पेट्रोल कमीजास्त देतो, ब्रेक मारीत नाही. उतारावर गाडी आपल्या वजनानेच पळू लागली की त्याच्या हाती काही राहत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा बोरघाटातल्या चालकांचा नियम क्रूजहून जुना आहे. आगगाडीसाठी तर या घाटात अडवणाऱ्या चढाच्या बाजूमार्गांची योजना आहे: खाली येणारी गाडी आवरली गेली नाही तर ती त्या चढावर जाऊन थांबावी. १८३० साली इथून गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे आली. तेव्हापासून या डोंगराचा सारा प्रश्न ‘धरणे’ आणि ‘सोडणे’ याचाच आहे.

हळू सोडणे बंद झाले. झटक्यात सोडणे राहिले. खड्डा आला, सांधा आला की गेला. मिस्त्री परतले ते पुढच्या बॉनेटकडे न जाता गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी विद्यार्थ्याला ब्रेक दाबायला सांगितला, मग ब्रेक दाबलेलाच ठेवून इंडिकेटर लावायला. इंडिकेटर लागला तसे शेजारचे सगळे दिवे त्याच्या तालावर मंद-तेज होऊ लागले. मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले,

“अर्थ मिळत नाही, सर.”

मराठीच्या माणसाला हे वाक्य गाडीखाली ऐकू येणे म्हणजे काय, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पण त्यावर तत्त्वज्ञान उभारण्याचा मोह मी आवरतो. मिस्त्रींचा ‘अर्थ’ हा इंग्रजी शब्द, जमिनीचा. दिव्यातून गेलेल्या विजेने परतायची वाट. लोखंडी गाडीत ती वाट म्हणजे गाडीचा सांगाडा. या घराची अंगे लाकडाची आणि फायबरची असल्यामुळे मागच्या सगळ्या दिव्यांची मिळून एक वायर खाली आणून सांगाड्याला बोल्टने आवळलेली होती. मिस्त्री गाडीखाली शिरले. तो बोल्ट गंजून हिरवा-तांबडा झाला होता. पॉलिश कागदाने घासून, नवा वायसर घालून, वर ग्रीस फासून त्यांनी तो आवळला. पुन्हा उर्से. या खेपेला क्रूजने जाऊन-येऊन एकदाही सोडले नाही. बाईंनी मिस्त्रींचा काळा हात दोन्ही हातांत धरला. मिस्त्रींनी पैसे सांगितले ते इतके कमी, की गृहस्थांनी मला दोनदा विचारले, भाषांतर बरोबर केले ना?

आता माझा मुद्दा. आपण मराठीचे लोक गेली कित्येक दशके ‘मराठी ज्ञानभाषा व्हावी’ असे म्हणत आलो आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर व्यासपीठांवर हे वाक्य अधिकच ऐकू येते. पण ज्ञानभाषा म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे काय असते? नामे. शिवकालातील राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपर्यंतची आपली मोठी आणि आदरणीय परंपरा मुख्यतः नामांची आहे: अमक्या परकी शब्दाला तमका आपला शब्द. आपली भांडणेही नामांवरूनच. गॅरेजात मी ऐकली ती मराठी या कसोटीवर नापासच होईल. बोल्ट, वायर, व्हॅक्यूम, फ्यूज, स्विच, ब्रेक: नामे जवळजवळ सगळी इंग्रजी. पण क्रियापदे मोजून पाहा. धरतो, सोडतो, खेचतो, चिकटते, गळते, चावते, अडकते, आचके देते, दम टाकते, हवा घेते. एकही उसने नाही. आणि त्या दोन तासांतला सगळा तर्क, कारण आणि कार्य यांतला सगळा संबंध, या क्रियापदांतून आणि त्यांच्याशी जोडलेल्या ‘हळूहळू’, ‘झटक्यात’, ‘मधूनमधून’ यांतून वाहत होता. ‘बोल्ट’ला आपण मराठी शब्द दिला असता तर त्या निदानात तसूभरही भर पडली नसती, ‘धरून सोडणे’ आणि ‘न धरणे’ यांतला भेद नसता तर मात्र मिस्त्रींना चारही बाजूंनी गाडी उसवावी लागली असती.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारांचा व्यवहार त्यांच्या शब्दांसह नोंदवून ठेवला. त्या ग्रंथाकडे आज आपण भाषिक ठेवा म्हणून पाहतो, विद्यार्थ्यांना तो आवर्जून वाचायला सांगतो. बलुते गेले, त्या जागी गॅरेज, वेल्डिंग, मोटारवाइंडिंगची दुकाने आली. तिथली भाषा मात्र आपल्याला ‘भेसळ’ वाटते. सुताराचा ‘रंधा’ आपल्याला गोड वाटतो आणि वायरमनचा ‘टेस्टर’ नाही, याचे एकमेव कारण रंधा आता आपल्या आसपास कोणी वापरीत नाही हे असावे, अशी मला दाट शंका आहे.

थोडे विषयांतर. क्रूज कंट्रोलची कल्पना ज्याची, तो अमेरिकी अभियंता राल्फ टीटर पाच वर्षांचा असल्यापासून अंध होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग मंदावे आणि ऐकू लागला की पुन्हा वाढे. त्या हेलकाव्यांचा त्रास होऊन टीटरने वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्राचा ध्यास घेतला, अशी हकिकत सांगतात. पेटंट १९५० सालचे, आणि क्रायस्लरच्या गाड्यांत ती यंत्रणा आली १९५८ साली. ज्याने स्वतः कधी रस्ता पाहून गाडी हाकली नाही, त्याने शेजारच्या आसनावर बसून, नुसत्या अंगाला जाणवणाऱ्या धक्क्यांवरून दोष ओळखला. मिस्त्रींची जीभ नळीला लागलेली पाहताना मला त्याची आठवण झाली. असो.

विभागात मी हे सारे सांगितले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, आणि तो टाळण्याजोगा नाही. ते म्हणाले, मिस्त्रींना दोष कुठे आहे ते कळले. का आहे ते सांगता आले का? नाही आले. मागच्या दिव्यांच्या अर्थचा पुढच्या क्रूजशी संबंध काय, असे मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “कंपनीने वायरच तशी दिलीय.” कारण सांगितले ते गृहस्थांजवळच्या जुन्या इंग्रजी पुस्तिकेतल्या आकृतीने. त्या गाडीत क्रूजची पेटी ब्रेकच्या दिव्यांच्या वायरीवर सतत नजर ठेवते. दिव्यांच्या तारेतून तिला अर्थ मिळाला तर ठीक, तुटला तर ब्रेकच्या मंडलात काही बिघडले असे समजून ती सोडून देते. संशय आला की सोडायचे, हीच तिची सुरक्षितता. हे मराठीत मी आत्ता लिहिले, पण ते मला इंग्रजी वाचूनच कळले. परिभाषा नकोच असे म्हणणे म्हणूनच भाबडेपणाचे होईल. मंडल, रोध, प्रवाह हे शब्द हवेत. माझे म्हणणे इतकेच की ते मिस्त्रींच्या क्रियापदांना येऊन मिळायला हवेत. आपण ते अशा वाक्यांत बसवतो, की ज्यांत कोणीच काही करीत नाही.

आणि ती वाक्ये आपणच शिकवतो. घरी परतताना मला राहून राहून वाटत होते की त्या विद्यार्थ्याने हे लिहावे. व्यावहारिक मराठीच्या पत्रिकेत आपण अहवाललेखन ठेवलेले असतेच. नेहमीच्या ‘स्नेहसंमेलनाचा अहवाल’ऐवजी हा घ्यावा. दोन तास तो तिथे होता, नळी त्यानेच धरली, ब्रेक त्यानेच दाबला. हळू आणि झटक्यात यांतला फरक मला समजावताना त्याने पाच वाक्ये बोलली होती, त्यांतले एकही अडखळले नव्हते. आठवड्याने त्याने कागद आणून दिला. पहिले वाक्य असे: ‘सदर वाहनाच्या गतिनियंत्रण यंत्रणेमध्ये बिघाड निर्माण झाल्याचे निदर्शनास आल्यावरून योग्य ती दुरुस्ती करण्यात आली.’

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पहिल्या वर्षी याच मुलाच्या निबंधावर मी लाल शाईने ‘भाषा बोलीची, सुधारणे आवश्यक’ असे लिहिले होते, ते मला नीट आठवते. त्याने सुधारली होती. त्या वाक्यात नळी नाही, जीभ नाही, बोल्ट नाही, मिस्त्री नाहीत; बिघाड आपोआप ‘निर्माण’ होतो आणि दुरुस्ती आपोआप ‘करण्यात येते’. ते वाचून कोणालाही दुसरी गाडी दुरुस्त करता येणार नाही. अशा वाक्यांना आपण वर्षानुवर्षे गुण देत आलो आहोत, आणि समीक्षेच्या पत्रिकेतही याच घाटाची उत्तरे येतात: ‘कवितेत प्रतिमांचा प्रभावी वापर करण्यात आला आहे.’ कोणती प्रतिमा, कुठे धरते, कुठे सोडते, हे विचारायची सवय आपण लावलेली नाही. आता तरी ती लावावी, निदान अंतर्गत मूल्यमापनात दरवर्षी एक लेखन विद्यार्थ्याच्या घरच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या बिघाडावर घ्यावे, असा प्रस्ताव मी विभागात मांडला आहे. त्यावर अजून चर्चा व्हायची आहे.

त्या मुलाला मी कागद परत दिला आणि पुन्हा लिहायला सांगितले. तो जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “सर, गॅरेजात बोलतो तसंच लिहू? मग विद्यापीठाच्या पेपरातही तसंच लिहिलं तर चालंल का?” त्याचे विद्यापीठाचे पेपर कोण तपासील हे मला ठाऊक नाही. मी त्याला म्हणालो, माझ्यापुरते लिही. आणि त्याचा चेहरा पाहून लक्षात आले की हे उत्तर त्याला पुरेसे वाटलेले नाही.