कलम आणि अंमल

१९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २०२२ च्या जानेवारीत, कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने आपल्या तत्कालीन २३ परिसरांच्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख केला, ही वार्ता महाराष्ट्राला समाधान देणारी आहे. परंतु कलम दप्तरी दाखल झाले म्हणजे न्याय पदरात पडला असे नव्हे; शिक्षणातील लिंगभेदाविरुद्धचा अमेरिकी कायदा १९७२ पासून अस्तित्वात असूनही, त्याच विद्यापीठाच्या २०२३ मधील बाह्य तपासणीत तक्रारी हाताळणारा सेवकवर्ग अपुरा आढळला. म्हणून अशा धोरणाचा मसुदा सुधारताना प्रत्येक परिसरात स्वतंत्र चौकशी-अधिकारी, पुरेशी तरतूद आणि निकालाची मुदत यांची हमी दिली पाहिजे. अर्ज कोणाकडे करावा हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हक्काचे रक्षण उत्तमोत्तम कलमही करू शकणार नाही.