खडी तेवढी राहू द्या

खडी या पदार्थाशी कात्रपकराची ओळख फार जुनी. आमच्याकडे रस्त्यावर आधी खडी येते. मग बऱ्याच दिवसांनी तिच्यावर डांबर येतं. मग पाऊस येतो, डांबर निघून जातं आणि खाली दबा धरून बसलेली खडी पुन्हा वर येते. हे ऋतुचक्र आमच्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की कुणी सपाट रस्त्यावरून चालायला लावलं तर आमचा पाय मुरगळतो.

अशा गावात, खास खडीवर चालवायची म्हणून एक वेगळी सायकल निघाली आहे आणि तिची किंमत लाखाच्या घरात जाते, ही बातमी येऊन पोचली. कात्रपकराने आधी सायकलकडे पाहिलं, मग आपल्या गल्लीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अहो, यासाठी लाख रुपये कशाला? हे सुख आम्हाला घरपट्टीत मिळतं!"

या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, ब्रेक डिस्कचे आणि टायर साधारण चाळीस मिलिमीटर रुंद. रुंद टायरात हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे खडीचे धक्के टायर खातो, स्वाराचा मणका खात नाही. शोध उत्तम आहे. फक्त तो आमच्या दूधवाल्याला कुणी कळवला नव्हता. त्याची काळी सायकल अठ्ठावीस इंची, टायर दीड इंच रुंद. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून हा गृहस्थ वर्षानुवर्षं खडी तुडवत आला. त्याच्या वेळी या खेळाचं जागतिक अजिंक्यपद नव्हतं, एवढंच. ते २०२२ साली इटलीत सुरू झालं.

पण माझं भांडण सायकलीशी नाही, सायकलवाल्यांशीही नाही. ही मंडळी रविवारी पहाटे, आम्ही कुशी बदलत असतो तेव्हा, बारवीच्या जलाशयाकडे निघतात. कात्रप बदलापूर पूर्वेला. बारवीला जायचं तर रेल्वे ओलांडून पश्चिमेला यायचं, उल्हास नदीचा पूल पार करायचा, मुळगावच्या खंडोबाला हात जोडायचे आणि पुढे जायचं. नकाशात मात्र बारवी पूर्वेलाच आहे. आमच्या पूर्व-पश्चिमा रेल्वेने ठरवलेल्या. सूर्याला त्यांची कल्पना नसावी. धरणापाशी पोचलं की राखीव जंगल आणि त्याच्या कडेकडेने मुरमाच्या, खडीच्या वाटा. सागाची वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात. तलावाला पूर्ण फेरी मारता येत नाही, कारण पाण्याचे फाटे हाताच्या बोटांसारखे डोंगरात शिरले आहेत. काही वाटा तर सरळ पाण्यातच जातात.

भांडण आहे ते आमच्या सोसायटीच्या चेअरमनांशी. त्यांनी मागच्या सभेत, गच्चीच्या गळतीचा विषय शिताफीने टाळून, बारवीच्या विकासाची योजना मांडली. तलावाकाठी सिमेंटचा रस्ता, कडेला रंगीत दिवे, रेलिंग, सेल्फीची जागा आणि वडापावचे गाळे. सभेने टाळ्या वाजवल्या. गच्ची अजून गळते आहे.

चेअरमनसाहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, ही योजना धोक्याची आहे. बँकेत बरीच वर्षं घासल्यावर माणसाला एक गोष्ट कळते: ठेव जितकी मोठी, तितका तिच्याकडे जाणारा रस्ता अडचणीचा हवा. स्ट्राँगरूमला आम्ही काचेचा सरकता दरवाजा लावत नाही, आणि आत वडापावही विकत नाही.

आणि बारवी ही साधीसुधी ठेव नव्हे. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली हे धरण बांधलं, पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली. आज त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. तलाव भरला की दरवाजे आपोआप उघडतात, कुणाच्या सहीची गरज लागत नाही. हे पाणी नदीतून जांभूळला जातं, शुद्ध होतं आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांच्या आणि कारखान्यांच्या नळांना येतं. म्हणजे सेल्फीच्या जागेवरून जी बाटली पाण्यात भिरकावली जाईल, ती आपल्याच पिण्याच्या पाण्यात पडेल.

ही ठेव फुकट जमलेली नाही. उंची वाढवली तेव्हा तोंडली, काचकोली, मोहघर अशी गावं त्यापायी उठली. मघाशी म्हटलं ना, काही वाटा पाण्यात जातात. त्या वाटा कुणाच्या तरी शेताकडे, घराकडे जाणाऱ्या होत्या. त्यांच्या टोकाशी रंगीत दिवे लावायचे म्हणजे सुतकाच्या घरी तोरण बांधण्यासारखं आहे.

आता खडीचं म्हणाल, तर ती या जंगलाची बिनपगारी राखणदार आहे. पगारवाढ मागत नाही, संपावर जात नाही, चहापाण्याला भुलत नाही. सायकल सोडते, मोळी घेऊन निघालेल्या बाईला सोडते, गुराख्याला सोडते. गाण्यांचा ठणाणा करत आलेल्या मोटारीचं मात्र पोट खाली दगडाला घासतं आणि ती मुकाट्याने वळते. तिथे सिमेंट ओतलं की हा राखणदार त्या क्षणी सेवानिवृत्त. या भागात बिबट्याच्या वावराच्या बातम्या अधूनमधून येतात. सिमेंटवर ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मोटारीपुढे त्याचा निभाव लागायचा नाही.

लांब कशाला, आपल्या कोंडेश्वराचंच बघा. जाणं सोपं झालं तशी गर्दी झाली. तिथल्या कुंडात तरण्याताठ्या पोरांच्या बुडण्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासनाला बंदीचे हुकूम काढावे लागतात. म्हणजे आधी सरकारी खर्चाने गर्दी आणायची आणि मग सरकारी खर्चाने ती हाकलायची. आमच्या लेजरात अशी नोंद सापडली तर इन्स्पेक्शनवाले लाल शाईने गोल करतील.

"पण पर्यटन? रोजगार?" चेअरमन विचारतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. तिथे २००६ पासून खडीच्या रस्त्यांवरून सायकलींची शर्यत होते, दोनशे मैलांची, म्हणजे तीनशेवीस किलोमीटरची. जगभरातून लोक पैसे भरून येतात, खडी खातात, आणि खानावळवाल्याचं भलं करून जातात. आधी डांबर टाका, असं तिथे कुणी म्हणत नाही. त्या गावाचं भांडवलच खडी आहे.

आता एक खरा आक्षेप. तुम्ही शहरातले लोक रविवारी मौज करणार, म्हणून पाड्यावरच्या माणसाने आयुष्यभर चिखल तुडवायचा काय? अजिबात नाही. पाड्याला जाणारा रस्ता पक्का करा आणि सगळ्यात आधी करा. अडलेल्या बाळंतिणीला न्यायचं तर खडीचं काव्य कामाचं नाही. तो रस्ता माणसांकडे जातो. तलावाकाठची वाट पाण्याकडे जाते आणि पाण्याला दवाखान्यात न्यायचं नसतं. गंमत अशी, की सुशोभीकरणाच्या योजनेत पाड्याचा रस्ता कुठेच नसतो. रंगीत दिवे मात्र पहिल्या पानावर असतात.

सायकलवाल्यांनाही दोन शब्द. राखीव वनात शिरायचं तर वनखात्याला विचारून. कुंपण नाही म्हणजे मालक नाही, असं नसतं. आणलेलं प्लॅस्टिक पाठीवरच्या पिशवीतून परत न्यायचं. शेताच्या बांधावरून चाक घालायचं नाही, आणि वाटेत मोळीवाली बाई दिसली तर आपण उतरून बाजूला व्हायचं. लाखाची सायकल असली तरी वाट तिची आहे.

हे सगळं मी चेअरमनांना जिन्यात गाठून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण सिमेंट नाही केलं, तर माझी गाडी तिथपर्यंत जाणार कशी?"

म्हटलं, "साहेब, तेच तर सांगतोय!"