विश्लेषण : गरोदर मातांमधील एचआयव्हीचा टक्का कमी, चंद्रपूर-गडचिरोलीने निर्धास्त व्हावे का?

देशात गरोदर मातांमधील एचआयव्हीचे प्रमाण एक टक्क्याच्या बरेच खाली आहे. बातमी चांगली आहे. पण चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यांत एवढा आकडा पुरेसा नाही.

हा आकडा येतो कुठून?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) १९९८ पासून ठरावीक काळाने हे सर्वेक्षण करते. निवडक केंद्रांवर तपासणीसाठी आलेल्या १५ ते ४९ वयोगटातील ४०० गरोदर महिलांचे रक्तनमुने घेतले जातात. २०१९ च्या फेरीत देशपातळीवरील प्रमाण ०.२४ टक्के होते.

एका केंद्राचा टक्का फसवा का?

४०० पैकी एक महिला बाधित आढळली तर प्रमाण ०.२५ टक्के. दोन आढळल्या की थेट ०.५० टक्के. म्हणजे एका महिलेच्या फरकाने ‘प्रमाण दुप्पट’ असा मथळा होतो आणि एकही आढळली नाही तर ‘एचआयव्हीमुक्त’ असा. दोन्ही चूक. शेकडो केंद्रे एकत्र केल्यावर देशाचा कल कळतो, तालुक्याची स्थिती नाही. शिवाय केंद्रापर्यंत न पोहोचलेली महिला या हिशेबातच नसते.

जंगलपट्ट्यात अडचण काय?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मिरची तोडणीच्या हंगामात अनेक कुटुंबे तेलंगणात जातात. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि वाहतुकीतील कामगार सतत जागा बदलतात. पहिल्या तिमाहीतली तपासणी अशातच राहून जाते आणि सुरू असलेले औषधही खंडित होऊ शकते.

वेळेत कळल्याने काय होते?

उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर महिलेला आयुष्यभर मोफत एआरटी औषधे देण्याचे धोरण आहे. बाळाला जन्मानंतर प्रतिबंधक औषध दिले जाते, सहाव्या आठवड्यात त्याची तपासणी होते आणि १८ महिन्यांनी अंतिम निदान.

मग मोजायचे काय?

किती बाधित, यापेक्षा किती जणी सुटल्या हा प्रश्न मोठा आहे. अपेक्षित गरोदर मातांपैकी पहिल्या तिमाहीत किती जणींची तपासणी झाली, हे प्रशासनाने तालुकानिहाय जाहीर करावे. उपचार आणि बाळांच्या तपासणीचे आकडे मात्र जिल्हापातळीवरच द्यावेत. छोट्या गावात एक आकडाही ओळख उघड करू शकतो. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ नुसार संमती आणि गोपनीयता हा प्रत्येकीचा हक्क आहे.

घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्याच भेटीत आशाताई किंवा परिचारिकेकडे या तपासणीबद्दल विचारा. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. माहितीसाठी १०९७ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे.